फुकटची ओवरी

सोमवार हा रुईमाळच्या बायकांचा हक्काचा वार होता. कळंबच्या रस्त्याला जिथं एस्टी थांबते, त्या फाट्यावर बंडप्पा वाण्याच्या दोन खोल्या सरकारनं भाड्यानं घेतल्या होत्या आणि तिथं वत्सला नर्सबाईंचं उपकेंद्र चालायचं. फाटा गावात नव्हता, तसा बौद्धवाड्यातही नव्हता. दोन्हीकडून सारखंच चालावं लागायचं. म्हणून तर पाटलांची सून आणि बौद्धवाड्यातली सून एकाच बाकड्यावर बसायच्या. अंग चोरून बसायच्या, तोंडं दोन दिशांना करून बसायच्या, पण बसायच्या हो!

उपकेंद्राची मदतनीस म्हणजे धुरपदाबाई. पन्नाशीची, सडसडीत, लांब बोटांची, आसपासच्या गावांची सुईण. छप्पन साली तिच्या सासऱ्यानं बुद्धाची दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली, मेलेली जनावरं ओढणं बंद केलं. तेव्हा भावकीतले म्हणाले, आता गावातली बाळंतपणंही सोडून दे. त्यावर धुरपदा म्हणाली होती, "मेलेली ढोरं वढायची सोडली ते लई ब्येस केलं. पण जितं लेकरू आडलं तर हात कसा आखडू?" त्यामुळं गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. तिला परसातल्या दारानं आत घेत. नाळ कापून होईस्तोवर ती 'धुरपदाबाई' असायची, बाळंतिणीचं न्हाणं झालं की पुन्हा 'धुरपदे, लांबून जा.' नर्सबाईंनी तिला उपकेंद्रात कामाला घेतलं तेव्हापासून मात्र ती पुढच्या दारानं आत जायला शिकली होती. त्या दाराच्या कुलपाची किल्लीच तिच्या कमरेला असायची.

त्या सोमवारी तिची सून चांगुणा बाकड्यावर बसली होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पोरीला दिवस गेले होते. नर्सबाईंनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली.

"अगं माय! लई आवळतंय की!" चांगुणा ओरडली.

"पट्टा आवळतोय का सासू आवळती, खरं सांग," नर्सबाई म्हणाल्या.

"सासूचं काय इचारता, ती तर पट्ट्यापरीस कडक हाय," असं म्हणून चांगुणा अशी हसली की बाकड्यावरच्या पाटलांकडच्या बायकांनाही हसू आवरेना. धुरपदानं लटक्या रागानं हातातला सुया उचलायचा चिमटा उगारला. नर्सबाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली होती. "थोडं वाढलंय. मीठ कमी खा आणि दर सोमवारी येऊन दाखव. एकही सोमवार चुकवायचा नाही, कळलं?" चांगुणानं मान डोलावली.

तेवढ्यात फाट्यावर जीप थांबली. तालुक्याचे साहेब उतरले. त्यांचं पोट त्यांच्या आधी उतरलं, पण ते असो. मागून पाटलांचे नानासाहेब आले. नानासाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन, महादेवाच्या देवळाचे पंच आणि गावातला शेवटचा शब्द. माणूस वाईट नव्हता बरं का. त्र्याहत्तरचा तो दुष्काळ चालू होता, त्यात गावाला मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, त्यांनीच खटपट करून आणली, जनावरांना छावणीत जागा त्यांनीच मिळवली. वाईट असते तर निदान कुणाला त्यांचा राग तरी करता आला असता.

साहेब म्हणाले, "सरकारवर ताण आहे. वरून काटकसरीचा हुकूम आलाय. प्रत्येकानं पोटाला चिमटा घेतला पाहिजे. या खोल्यांचं भाडं कशाला भरायचं? नानासाहेबांनी देवळाच्या आवारातली ओवरी फुकट देऊ केली आहे. असा दिलदारपणा दुसऱ्या गावात नाही दिसला मला!"

"गावाचं काम हाय," नानासाहेब विनयानं म्हणाले.

"आणि ही मदतनीस?" साहेबांनी धुरपदाकडं बोट केलं. "झाडलोट गुरवाची बायको फुकटात करील म्हणता ना? मग हाही खर्च गेला."

धुरपदानं हातातला चिमटा खाली ठेवला. ती एवढंच म्हणाली, "साहेब, देवळाच्या आवारात आमाला येऊ देत न्हाईत. आमच्या बायांनी कुठं यायचं?"

साहेबांनी नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेबांनी जमिनीकडं पाहिलं. मग साहेब हसून म्हणाले, "कायद्यानं सगळ्यांना सगळीकडं जाता येतं, बाई. तुम्ही जात नाही, त्याला सरकार काय करणार?" झालं! एवढ्या एका वाक्यात अख्खा बौद्धवाडा निकालात निघाला. आठवडा सरायच्या आत नर्सबाईंचं कपाट आणि तपासणीचं टेबल लोकांच्या खांद्यावरून देवळाच्या दरवाज्यातून आत गेलं. बंडप्पानं खोल्यांना कुलूप घातलं आणि धुरपदाच्या कमरेची किल्ली गेली.

मग फुकटच्या ओवरीचे नियम एकेक करून बाहेर पडू लागले. गुरव शांतलिंगानं नर्सबाईंना हात जोडून सांगितलं, "बाई, आवारात बाळंतपण करायचं न्हाय. देवाला सोयर-इटाळ चालत न्हाय. आन् तिकडं बौद्धवाड्यात जाऊन आलात, तर अंगावरून पाणी घेऊनच दरवाज्याच्या आत यायचं." नर्सबाई बिचाऱ्या लातूरकडच्या, विधवा, पदरात दोन लेकरं. नोकरी गेली तर कुठं जाणार? आणि आंघोळीला पाणी कुठलं आणायचं हो? गावाच्या विहिरीत तळाशी चिखल उरला होता. टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. पिण्याला घागर मिळायची मारामार, तिथं बौद्धवाड्याच्या प्रत्येक फेरीला एक आंघोळ! पहिल्या आठवड्यात नर्सबाईंनी लेकरांच्या वाटचं पाणी अंगावर घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्या बौद्धवाड्याकडं आल्याच नाहीत.

धुरपदा सुनेबरोबर दुष्काळी कामावर जाऊ लागली. माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं, मुलगा कोंडीराम माती वाहायचा, या दोघी खडी फोडायच्या. सोमवार आला तेव्हा चांगुणा नर्सबाईंचं बोलणं ध्यानात ठेवून देवळाच्या दरवाज्यापर्यंत गेली. शांतलिंगानं तिला बाहेरच्या पानं झडलेल्या लिंबाखाली उभं केलं. आत पाटलांकडच्या बायका सावलीत बसलेल्या, बाहेर ही उन्हात. खूप वेळानं नर्सबाई पट्टा घेऊन बाहेर आल्या, तर ओवरीतून एक म्हातारी कडाडली, "ते तिच्या दंडाला लावलं तर मग आमच्या पोरींला लावायचं न्हाय हां!" नर्सबाईंनी पट्टा पदराआड घेतला. त्यांनी चांगुणाच्या डोळ्यांकडं न बघता विचारलं, "बरं वाटतंय ना?" आणि त्या आत गेल्या.

चांगुणा घरी आली ती भांडी आदळत. "म्या पुन्हा न्हाय जायची तिथं. भिकारणीवाणी दारात हुभी केली मला. मेले तरी न्हाय जायची."

आता इथं धुरपदा चुकली. तिला चुकलंय हे तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. सुनेचा अपमान तिच्या काळजाला झोंबला. ती ताठ्यात म्हणाली, "नगं जाऊस. गावाची लेकरं काढली ह्या हातांनी, माझ्या नातवाला त्या पट्ट्याची काय गरज? म्या हाय ना!" आडवं मूल, पायाळू मूल, गळ्याला नाळेचा फास, सगळं तिच्या हातांना ठाऊक होतं. पण पट्ट्यावर जे दिसायचं ते हातांना कसं दिसणार? चांगुणाचे पाय सुजले, तेव्हा ती म्हणाली, खडीवर ईळभर बसतीस म्हणून. तोंड सुजलं, तेव्हा म्हणाली, मिलोची भाकर मानवत नसंल. चांगुणा म्हणू लागली, "आत्याबाई, डोळ्यापुढं काजवे चमकत्यात, डोस्कं फुटाया लागलंय." धुरपदानं तिच्या डोक्याला फडकं आवळून बांधलं आणि उन्हाला शिव्या घातल्या.

मृगही कोरडा चालला. मग गावानं देव कोंडायचं ठरवलं. आमच्या भागात पाऊस पडेना की महादेवाला कोंडतात. गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड पार बुडवायची आणि दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, अशी जुनी समजूत. सोसायटीच्या ट्रॅक्टरला टाकी जोडून लांबच्या तलावातलं पाणी आणलं. ज्या गावात नर्सबाईंना आंघोळीला तांब्याभर पाणी नव्हतं, त्या गावात त्या दिवशी हंड्यामागून हंडे देवावर ओतले जात होते. सोवळं नेसलेले नानासाहेब गाभाऱ्याच्या दारात उभे होते. ढोल, झांजा, 'हर हर महादेव'चा गजर. देवळाच्या दरवाज्यापासून टाकीपर्यंत हंडे घेतलेल्या बायकांची रांग लागली होती.

त्याच दिवशी, ऊन माथ्यावर आलं असताना, चांगुणा चुलीपुढंच कोसळली. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. शेजारची म्हातारी म्हणाली, बाहेरची बाधा हाय. धुरपदा तिच्यावर खेकसली, "बाधा न्हाय न् काय न्हाय! नर्सबाईकडं चला, बिगी चला!" कोंडीरामनं बाज आणली. बैल छावणीत गेल्यामुळं गाडी नव्हती. चौघांनी चांगुणाला बाजेवर घेतलं आणि पळत सुटले. धुरपदा सगळ्यांच्या पुढं, अनवाणी.

शांतलिंग दरवाज्यात आडवा झाला. "आज न्हाय, धुरपदे! आज देव कोंडायचाय."

"शांतलिंग, तुझी दोन्ही लेकरं म्या काढलीत. तुझी बायकू तुळजाबाई मरणाच्या दारात व्हती तवा तुझा देव कुठं गेला व्हता? बाजूला हो!"

शांतलिंगची मान खाली गेली, पण हात दरवाज्यावरचा सुटला नाही. "म्या काय करू? पंचांना इचार."

"कुठं हायेत पंच?"

"ते सोवळ्यात हायेत. देव बुडस्तवर बोलायचं न्हाय त्यांनी."

धुरपदानं हाका मारल्या. "नर्सबाई! ओ नर्सबाई!" ओवरी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ढोल वाजत होते. बाजेवर चांगुणाला दुसरा झटका आला. धुरपदानं रांगेतल्या बाईपुढं पदर पसरला, "माय, ओंजळभर पाणी दे गं, तिच्या डोळ्यांवर मारते." ती बाई नानासाहेबांची बायको सुमनबाई होती. तिच्या डोक्यावर भरलेला हंडा होता. ती क्षणभर थबकली, बाजेकडं बघितलं, चांगुणाचं सुजलेलं तोंड बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "देवाचं पाणी हाय, थांबू नका!" आणि सुमनबाई पुढं चालू लागली. हंडा महादेवावर गेला.

शेवटी गुरवाच्या तुळजाबाईलाच राहवलं नाही. ती नवऱ्याची नजर चुकवून ओवरीकडं धावली. नर्सबाई हातात सुई घेऊन पळत आल्या, बाजेवरच त्यांनी झटका दाबायचं इंजेक्शन दिलं. "हिला अंधारात, शांत जागी टेबलावर घ्यायला पाहिजे! दरवाजा उघडा!" असं त्या पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ओरडल्या असतील. दरवाज्यात चार माणसं जमली. एक म्हणाला, नानासाहेबांना बाहेर येऊ द्या. दुसरा म्हणाला, देव अर्धा बुडालाय, आता मोडता घालू नका. तिसरा म्हणाला, ट्रॅक्टर एक खेप करून आला की कळंबला सोडू. माणसं मरतात ती अशीच, सगळे जवळ असताना, सगळे काहीतरी योग्यच बोलत असताना!

"एस्टी गाठा," नर्सबाई म्हणाल्या, "फाट्यावर चला, मी येते." बाज फाट्याकडं वळली. एस्टी आली नव्हती. बंडप्पानं धावत येऊन आपल्या खोलीचं कुलूप काढलं. आत ना टेबल, ना कपाट, ना ते बाकडं. रिकाम्या फरशीवर चांगुणाला निजवलं. महिन्यामागं जिथं बसून ती सासूची थट्टा करत होती, तिथंच तिनं शेवटचा श्वास घेतला. धुरपदानं सवयीनं तिच्या पोटावर हात ठेवला. आतलं लेकरू अजून हलत होतं. मग हळूहळू तेही हलायचं थांबलं. धुरपदाचे हात तिथंच राहिले. कोंडीरामनं ओढून काढले तेव्हा निघाले.

गाव हळहळलं, खोटं कशाला बोला. नानासाहेबांनी लाकडं पाठवली. कोंडीराम तालुक्याला गेला, खोल्या परत घ्या म्हणून साहेबांच्या पाया पडला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. बाई मुळात अशक्त असणार. पण तरतूदच नाही, मी तरी काय करू?" नर्सबाई बौद्धवाड्यात आल्या, धुरपदाच्या दारात जमिनीवर बसल्या. "माझं चुकलं, मावशी. मी भ्याले," म्हणून रडल्या. धुरपदा म्हणाली, "तुमी भ्यालात, म्या ताठ्यात राहिले. दोघींनी मिळून मारली तिला." मग डोळे पुसून म्हणाली, "न्हाय, नर्सबाई. आपुन दोघी कोण? ज्यानं खोली काढून घेतली तो झोपतोय घोरत आन् आपुन दोघी रडतोय." त्या दिवशी नर्सबाई आंघोळ न करताच ओवरीत परत गेल्या. कुणाला कळलं नाही.

धुरपदानं सुईणपण सोडलं. हातांकडं बघवेना म्हणायची. चांगुणानं लेकरासाठी शिवायला घेतलेली वाकळ अर्धवट पडली होती, ती मांडीवर घेऊन बसायची. देव कोंडलेलाच होता. पाऊस नव्हताच.

आणि एका सकाळी सुमनबाई बौद्धवाड्यात आली. पाटलांची बाई त्या वाटेला कधी आली नव्हती, बायापोरं दारात उभी राहून बघू लागली. डोक्यावरचा पदर ढळला होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"धुरपदाबाई, गुलाबचं पोट दुखाया लागलंय. पैलं बाळंतपण हाय. चल माय."

गुलाब तिची एकुलती लेक, माहेरपणाला आलेली. धुरपदा जागची हलली नाही. "नर्सबाई हाय की तुमच्या ओवरीत."

"नर्सबाई म्हणत्यात, घरी न्हाय करायची. टेबल पायजे, औषधं हाताशी पायजेत. सोसायटीनं भाड्यानं आणल्याली जीप सेक्रेटरी घेऊन गेलाय, कारखान्याचे शेअर गोळा कराया. ट्रॅक्टर मोडून पडलाय. मला चांगुणा दिसती गं डोळ्यापुढं! झोप लागत न्हाय मला. म्या त्या दिवशी..."

धुरपदाच्या मनात आलं ते सांगायलाच हवं. तिच्या मनात आलं, बसू दे हिलाही अशीच. हिच्या लेकीलाही कुणी दारात अडवू दे, म्हणजे कळंल. ते मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. मग त्याच रागाच्या तळातून दुसरं काहीतरी वर आलं. ती सुमनबाईकडं टक लावून बघत राहिली. चांगुणा दारातून परतवली, मेली, त्यानं देव बाटला नाही. गाव हललं नाही. या गावाला मरण लागत नाही, विटाळ तेवढा लागतो.

"येते," धुरपदा म्हणाली. "पर घरी न्हाय. सरकारचं टेबल ओवरीत हाय, औषधं ओवरीत हायेत. गुलाबला तिथं घेऊन चला. तिथं म्या हात लावीन, नर्सबाई बी लावतील. परसाच्या दारानं आता म्या कुठंच येणार न्हाय."

"आवारात? इटाळ व्हईल..."

"व्हईल. लेक पायजे का सोवळं पायजे, बगा."

सुमनबाईनं फार वेळ घेतला नाही. बाईला फार वेळ लागत नाही असल्या गोष्टीला.

लेकीला एका बाजूनं सुमनबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं धुरपदानं. तिघी गावाच्या मधल्या वाटेनं निघाल्या. गुलाब दर थोड्या पावलांवर थांबायची, कण्हायची, धुरपदाचा दंड घट्ट धरायची. दरवाज्यात शांतलिंग होता. तिकडून नानासाहेब घाईघाईनं आले. "काय चालवलंय हे? देव कोंडलेला हाय आत! आन् ही... ही संगं?"

सुमनबाई आयुष्यात नवऱ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. ती म्हणाली, "लेकरं देव देतो म्हणता ना तुमी? मग कशी येत्यात ती बघू द्या की त्याला! चांगुणावर शिपडायचं पाणी म्या त्याच्यावर ओतलं. पाऊस पडला का? व्हा बाजूला."

नानासाहेबांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. ओठ चावून चावून रक्त आलं होतं तिच्या. ते बाजूला झाले. धुरपदानं उंबऱ्यावर पाय ठेवला. ज्या दारात चांगुणाची बाज ठेवली होती, तेच दार. ती आत गेली.

दिवस कलता कलता ओवरीतून लेकराचं रडणं आलं. मुलगी झाली. नर्सबाईंनी पट्टा लावून बाळंतिणीला तपासलं, सारं ठीक होतं. धुरपदानं नाळ कापली, लेकरू पुसून सुमनबाईच्या ओंजळीत दिलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून ओक्साबोक्शी रडली. आपल्या घरात हेच व्हायचं होतं, एवढंच तर मागितलं होतं तिनं!

आणि मग गाव हललं. अहो, काय हललं म्हणून सांगू! पंच बसले. आवार धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं, मंत्र म्हटले. पाऊस आला नाही त्याचं कारणही सापडलं. देव बाटला! जो तो म्हणू लागला, देवळात दवाखाना ठेवायची अक्कल कुणाची? तालुक्याचे साहेब जीप घेऊन धावत आले. गावकऱ्यांच्या भावना फार मोठ्या असतात म्हणाले. भाड्याची तरतूद लगेच झाली, कुठून झाली ते विचारू नका. मदतनिसाची जागाही झाली, कारण गुरवाची बायको आता तिथं जाणार नव्हती. दवंडीवाल्या लिंबाजीनं गावभर दवंडी दिली, "ऐका हो ऐका! देवाला इटाळ झाल्यामुळं दवाखाना पुन्यांदा फाट्यावर जाणार हो!" चांगुणाचं नाव दवंडीत नव्हतं.

सोमवारी धुरपदानं बंडप्पाच्या खोलीचं कुलूप काढलं. टेबल आलं, कपाट आलं, बाकडं आलं. ज्या फरशीवर चांगुणा निजली होती तिथं तिनं बाकडं ठेवू दिलं नाही. साहेब पाहणीला आले होते. खूश होऊन म्हणाले, "काय बाई, आता तरी समाधान झालं ना?"

धुरपदानं झाडू भिंतीला टेकवला.

"साहेब, दारातून परतवल्याली माझी सून नातवंडासकट मेली, तवा सरकारकडं पैका नव्हता. तुमचा देव बाटला, तवा निघाला. गुलाबची पोर जगली, लई चांगलं झालं. माझ्याच हातांनी जगवली. पर उद्या पुन्यांदा दुष्काळ पडंल, पुन्यांदा तुमी काटकसर कराल. तवा आमच्या बायांनी मरायचं, का देव बाटवायचा? तेवढं आजच सांगून ठिवा. म्हंजी आमाला उगं चार माणसांच्या तोंडाकडं बगत बसाया नगं."

बाकड्याच्या एका टोकाला बौद्धवाड्यातली एक पोटुशी पोर होती, तिच्या शेजारी नातीला मांडीवर घेतलेली सुमनबाई. सुमनबाईनं सरकून त्या पोरीला जागा करून दिली आणि ती साहेबांच्या तोंडाकडं बघत राहिली. नर्सबाईही पट्टा हातात धरून बघत होत्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या गावाला जायला उशीर होतोय म्हणाले आणि जीपमध्ये बसले.